प्रोफेसरांच्या समोरची खुर्ची

मित्रांनो, खुर्ची म्हटलं की मोठी माणसं लगेच सत्तेच्या खुर्चीबद्दल बोलू लागतात. मी त्यातली नव्हे. माझ्यासाठी कधी कुणी भांडलं नाही, माझ्यावर बसून मात्र पुष्कळ जण भांडले. मी एक जुनी, वेताच्या बैठकीची खुर्ची आहे. माझं जवळजवळ सगळं आयुष्य एका हट्टी माणसासमोर गेलं.

सुताराने एकाच लाकडातून आम्हा दोघींना घडवलं, मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला. एका तरुण प्रोफेसरांनी आमची जोडी विकत घेतली. बहिणीवर ते स्वतः बसत. मला त्यांनी टेबलाच्या पलीकडे ठेवलं आणि बायकोला सांगितलं, "ही खुर्ची माझं न पटणाऱ्यांची."

त्यांची रीतच तशी होती. रविवारी दुपारी घराचं दार उघडं असे. ज्याला त्यांचं म्हणणं पटत नसेल त्याने यावं, माझ्यावर बसावं आणि मनातलं सगळं बोलून मोकळं व्हावं. समोरच्याचं संपेपर्यंत प्रोफेसर मध्ये चकार शब्द काढत नसत. मग मात्र ते असं उत्तर देत की बसलेला माणूस माझ्यावर चुळबुळ करू लागे.

न पटणाऱ्यांना काही तोटा नव्हता. प्रोफेसर अर्थशास्त्र शिकवत. सरकारने चोर पकडावेत, तंटे सोडवावेत आणि बाकी लोकांना आपापलं जगू द्यावं, असं ते म्हणत. कोणत्या गल्लीत उद्या किती पाव लागतील हे कचेरीतल्या साहेबाला कधीच कळणार नाही, ते बेकरीवाल्याला आणि त्याच्या गिऱ्हाइकाला कळतं, हा त्यांचा आवडता दाखला. आणि सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती: कुणी कुणावर जबरदस्ती करू नये, अगदी त्याच्या भल्यासाठीसुद्धा नाही. कुणी त्यांना द्रष्टा म्हणे, कुणी काळजाच्या जागी दगड असलेला माणूस म्हणे. एकदा विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा जाळला. त्यातलाच एक जण पुढच्या रविवारी तावातावाने माझ्यावर येऊन बसला, तेव्हा प्रोफेसरांच्या बायकोने त्याच्यापुढे बशी सरकवली. "आधी खा, मग भांड," ती म्हणाली. "आणि जेवल्याशिवाय जायचं नाही हं, सांगून ठेवते!"

"बघा, आमच्या घरातली हुकूमशाही!" प्रोफेसर हसून म्हणाले.

ये, बस, थांब, जेव, हे शब्द त्या घरात तिचेच होते. ती आजारपणात गेली आणि ते शब्दही गेले. घरात बाप आणि लेक उरले. लेक डॉक्टर झाली, सरकारी इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात कामाला लागली. तिचा त्या वॉर्डावर फार जीव होता.

पुढे प्रोफेसरांनी एक लेख लिहिला. इस्पितळं चालवणं हे सरकारचं काम नाही, तोच पैसा रोग्याच्या हातात द्या आणि त्याला हवा तो दवाखाना निवडू द्या, असं त्यात होतं. सरकारला लेख आवडला. त्यातलं सोयीचं तेवढं सरकारने उचललं. इस्पितळ बंद झालं आणि रोग्याच्या हातात काहीच पडलं नाही.

त्या रविवारी लेक परक्यासारखी समोरच्या दाराने आली आणि माझ्यावर बसली. आजवर ती माझ्यावर कधीच बसली नव्हती.

"बाबा, काल वॉर्डाला कुलूप लागलं," ती म्हणाली. "पोरांना उचलून आयांनी कुठं जायचं, ते कुणीच सांगत नाही. तुमचा लेख दाखवतात सगळे."

तिचं बोलणं संपेपर्यंत प्रोफेसर गप्प राहिले. मग त्यांनी इतरांना देत तसंच उत्तर दिलं, मुद्देसूद, बिनतोड. आपण काय लिहिलं होतं, सरकारने काय केलं, चूक नेमकी कुठे झाली.

"तुमचं बरोबरच असेल," लेक म्हणाली. "नेहमीच असतं. मला लांबच्या शहरात नोकरी मिळतेय. जाऊ का?"

माझ्या हातांवर तिची बोटं घट्ट आवळली गेली. मित्रांनो, तिला जायचं नव्हतं. बसणाऱ्याचं मन आम्हा खुर्च्यांना कळतं. तिला एकच शब्द हवा होता.

"तुझं आयुष्य, तुझा निर्णय," प्रोफेसर म्हणाले. "माझी आडकाठी नाही."

आपण लेकीला सगळ्यात मोठं काहीतरी दिलं, असं त्यांना मनापासून वाटलं. ती उठली आणि गेली.

मग वर्षं गेली. प्रोफेसरांचं म्हणणं आधी गाजलं, मग सगळ्या दुखण्याचं खापर त्यांच्याच डोक्यावर फुटलं आणि शेवटी लोक त्यांना विसरले. रविवारी कुणी येईना. माझा वेत मधोमध फाटला. तरी ते फडक्याने मला पुसत आणि दाराकडे तोंड करून ठेवत. ते कुणाची वाट बघत होते, ते मला ठाऊक होतं.

शेजारच्या काकूंनाही ठाऊक होतं. त्या डबा घेऊन येत. एकदा त्या वैतागल्या. "भाऊजी, तब्येत ही अशी! पोरीला बोलावून घ्या की."

"तिला यायचं असेल तर येईल, वहिनी. मी बोलावलं तर तिच्यावर दडपण येईल."

"दडपण कसलं डोंबलाचं! लेक आहे ती तुमची!"

काकूंनीच मग तिला कळवलं असावं. दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. प्रोफेसरांना कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज मोठा असे.

"बाबा, मी येऊ का?"

त्यांचे ओठ हलले. ये, असंच ते म्हणणार होते, मी शपथेवर सांगते. पण आयुष्यभराची सवय आडवी आली.

"तुझी सोय बघ," ते म्हणाले.

"बरं," लेक म्हणाली.

लेक आली ती प्रोफेसर वारल्यावर. घर आवरताना दमून माझ्या फाटक्या वेतावर कडेला टेकली. बाबा दर रविवारी ही खुर्ची पुसून ठेवायचे, हे काकूंनी तिला सांगितलं. ती हमसाहमशी रडली. "मग एकदा 'ये' म्हणायला काय झालं होतं हो त्यांना?" तिने विचारलं. माझ्यापाशी उत्तर होतं, पण लाकडाला कुठली जीभ!

लेकीने नवा वेत विणून घेऊन मला तुमच्या शाळेच्या वाचनालयाला दिलं. तुम्ही माझ्यावर दोघे-दोघे बसता, मला मागे झुलवता. जरा जपून, माझे सांधे आता म्हातारे झाले आहेत.

आणि एक सांगते. कुणावर जबरदस्ती करू नका, हे प्रोफेसरांचं म्हणणं मला आजही पटतं. पण बोलावणं ही जबरदस्ती नव्हे, मित्रांनो. बोलावलेल्या माणसाला नाही म्हणता येतं. ज्याला कुणी बोलावलंच नाही, त्याने हो तरी कसं म्हणायचं?