सगळे जवळ असलेले घर

मित्रांनो, मी एक जुने बैठे घर आहे, शहराच्या कडेच्या वस्तीतले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे लोखंडी फाटक. सध्या मला कुलूप आहे, त्यामुळे बोलायला सवडच सवड.

माझी जागा निवडली टपाल खात्यातल्या एका कारकुनाने. मुलांचे ऐकून मी पुढे त्यांना बाबा आणि त्यांच्या बायकोला आई म्हणू लागले. बाबांनी घड्याळ लावून अंतरे स्वतः चालून मोजली. शाळा चार मिनिटांवर, दवाखाना शाळेला लागूनच, बाजार वळणावर आणि स्टेशन आठ मिनिटांवर! गवंड्याने पाया खणण्याआधीच ते आईला म्हणाले, "बघ, सगळं हाकेच्या अंतरावर!"

मी यातले काहीच पाहिलेले नाही. जागचे हलता येत नाही ना! पण बागेतली वाळू मुलांच्या बुटांतून माझ्याकडे येई, दवाखाना औषधाच्या वासातून. वाचनालयाची पुस्तके तर उशीखाली महिनोन्‌महिने मुक्काम ठोकत. पाहुणे म्हणत, "घर असावं तर असं!" आणि मी फुगून जाई.

स्टेशनाचा मला भारी अभिमान. त्याच स्टेशनावरून थोरला शिकायला गेला, तो तिकडचाच झाला. मग धाकटी नोकरीला गेली. शेवटी बाबा गेले. त्या प्रवासाला स्टेशन लागत नाही. आईचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा लेकीने तिला आपल्याकडे नेले. रंग उडाला, फाटक गंजले. मला सगळ्यांची फार आठवण येते.

गेल्या महिन्यात अचानक फाटक वाजले. दलाल, घर बघायला आलेले एक जोडपे, लेक आणि चक्क आई! मी हरखून गेले.

"स्टेशन फक्त आठ मिनिटं," दलालाने सुरुवात केली.

"बारा," आई म्हणाली. "आठ ह्यांची. हे पुढे पळायचे, मी आपली मागून. आणि न्हाणीघराच्या भिंतीला ओल येते, तीही बघून घ्या."

दलालाचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. जोडप्यातल्या बाईला मात्र हसू आले. "मावशी, एवढं सगळं जवळ आहे, मग घर विकताय कशाला?"

"सगळं जवळ आहे हो," आई म्हणाली, "मुलंच लांब गेली."

लेक खिडकीबाहेर बघत राहिली.

'कळवतो' म्हणून जोडपे गेले, पाठोपाठ दलालही. आईने ओट्यावरची धूळ हाताने पुसली आणि हळूच विचारले, "आजचा दिवस राहू का गं इथे? एकच दिवस."

मला दुसरे काहीही नको होते.

"अगं, नळाला पाणी नाही, दिवे नाहीत," लेक म्हणाली. "चल आई, गाडी चुकेल."

तिचेही खोटे नव्हते. आईने धुळीचा हात पदराला पुसला. कुलूप लागले.

मित्रांनो, घराची ओल वेळेवर बुजवा, बंद घराच्या खिडक्या अधूनमधून उघडा, हे तर मी सांगणारच. पण घरातले म्हातारे माणूस कधी "एक दिवस राहू का?" म्हणाले, तर तेवढे राहू द्या. पुढची गाडी अर्ध्या तासाने असते, तिची शिट्टी मला इथवर ऐकू येते. आई मात्र अजून आलेली नाही.