जिन्यातली तालीम

"अरे डावीकडच्यांनो, खांदा पाडू नका! मी कपड्यांचं गाठोडं नाही, जिवंत बाई आहे!"

खुर्चीत बसलेली शिवणमावशी ओरडली आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर सगळं लटांबर हसत थांबलं. खुर्ची चौघांनी उचलली होती: वायरमन, त्याचा मेहुणा, बँकेतला कारकून आणि व्यायाम करून फुगलेला, सगळे ज्याला पैलवान म्हणत तो.

"मावशी, दिवसभर मशीनवर बसून वजन वाढतं हो," पैलवान धापा टाकत म्हणाला.

"उचल मुकाट्यानं. मास्तर माझ्याहून जड आहेत."

चौथ्या मजल्यावरच्या मास्तरांचं हृदय दुबळं झालं होतं. इमारतीला लिफ्ट नाही, घरात एकटी मुलगी. म्हणून मावशीने कुणाची चेन बसवून, कुणाची पँट आखूड करून ही माणसं गोळा केली होती. दर रविवारी खुर्चीतून खाली उतरवण्याची तालीम. आधी सगळ्यांनी नाकं मुरडली. पण जिन्यात नुसती मान हलवून सटकणारी ही माणसं हळूहळू एकमेकांची टिंगल करण्याइतकी जवळ आली. मावशीला त्याचंच जास्त अप्रूप वाटे.

पुढे एका सुट्टीच्या दुपारी मास्तरांच्या छातीत कळ आली. मुलीने जिन्यात येऊन हाक मारली आणि भराभर दारं उघडली. वळणावर खुर्ची कशी तिरकी करायची, हे कुणाला सांगावं लागलं नाही. मावशी पुढे धावत वाटेतल्या चपला बाजूला सारत होती.

"वेळेत आणलंत," रुग्णवाहिकेतली नर्स म्हणाली, आणि बापलेकीला घेऊन गाडी गेली.

चौघांचे चेहरे फुलले होते. मावशी मात्र रिकामी खुर्ची पदराने पुसत होती.

"मावशी, तुमच्या यजमानांना तेव्हा कुणी उतरवलं होतं हो?" वायरमनने सहज विचारलं.

"कुणी नाही. अशीच दुपार होती. कुणी मिळतंय का बघायला मी रस्त्यावर धावले. माणूस घेऊन वर आले, तोवर हे गेले होते."

"रस्त्यावर? अहो, माझी तेव्हा रात्रपाळी होती. दुपारी मी आणि हा मेहुणा, दोघंही घरीच असायचो. दार वाजवायचंत की!"

"तुझ्याच दाराशी आले होते रे आधी. हातही उचलला होता. म्हटलं, ओळख ना पाळख, दमूनभागून झोपला असेल माणूस. उगाच कशाला..."

ती खालच्या पायरीवर बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. नवरा गेल्यापासून चारचौघांत ती कधी रडली नव्हती. वायरमन तिच्याशेजारी टेकला. मग बाकीचेही जागा मिळेल तिथे पायऱ्यांवर बसले.

वर, घाईत उघड्याच टाकलेल्या कुणाच्या तरी घरात कुकर शिट्टीमागून शिट्टी देत होता. कुणीच उठलं नाही.