आईच्या खोलीतली जमीन

नोव्हेंबरात आईच्या खुब्याचं हाड मोडलं आणि तिचं जिना उतरणं बंद झालं. तेव्हापासून बाबांच्या पायाला भिंगरी लागली. घर गरम करणारी लाकडाची मोठी शेगडी तळघरात, आई माडीवर. बाबा खाली जाऊन ओंडके सारायचे, दोन जिने चढून आईचे पाय चाचपायचे, गारच लागले की पुन्हा खाली. तळघरात ते गंजीफ्रॉकवर घामाघूम, आणि वर आई लोकरी कोट घालून पांघरुणात.

"उर्हो, त्या शेगडीशीच लग्न करायचं होतंस," आई म्हणायची.

मी म्हटलं, "बाबा, मजल्यांना भोकं पाडून जाळ्या बसवू. ऊब आपोआप वर येईल."

"हेल्वी, ही मेपल लाकडाची जमीन मी एकेक फळी तासून बसवली आहे. करवत लावायची नाही!"

जानेवारीत भर दुपारी ते तळघराच्या पायरीवरून घसरले. धप्पकन आवाज झाला. मी अंगणातून बर्फ तुडवत धावले. बाबा गुडघा धरून बसले होते आणि वरून आई जिवाच्या आकांताने हाका मारत होती. तिला उठता येत नव्हतं.

गुडघा नुसता सुजला होता. पण मी बाबांना वर नेलं तेव्हा आईने त्यांची बाही घट्ट धरली. "करवत आण," ती म्हणाली.

"लेंपी, ती जमीन..."

"चाळीस वर्षं गुडघ्यावर बसून मी पुसली आहे ती. अर्धी माझी. माझी अर्धी काप!"

बाबांनी खडूने चौकोन आखला, पुसला, पुन्हा आखला. खिडकीपर्यंत जाऊन आले. मग करवत चालवली. आधी आईच्या खोलीत, मग खालच्या मजल्यावर, बरोबर शेगडीच्या डोक्यावर.

जाळ्या बसल्या, तरी ऊब जेमतेमच. बाबा पुन्हा येरझारा घालू लागले. एकदा तळघराचं दार उघडं राहिलं आणि माझ्या घोट्यांवरून गार झुळूक जिन्याने खाली उतरली.

"बाबा, गार हवेलाही खाली जायला वाट हवी!"

दार उघडंच ठेवलं. तासाभरात आईने कोटाची बटणं काढली.

बाबा तिचे पाय चाचपायला वर आले. "बस रे आता जरा," ती म्हणाली. ते खुर्चीत टेकले आणि बूट न काढताच घोरू लागले. मी पांघरूण आणायला उठले, तर आईने ओठांवर बोट ठेवून मला जागच्या जागी थांबवलं.