नेबरेचे सरळ पाय

पाय तुटो की डोळा जावो, आमच्या वस्तीत थडग्याच्या भिंतीवर माणूस धडधाकटच काढतात. भिंतीवर जे काढाल ते मेल्यावर पलीकडे कायमचं. म्हणून नेबरेचे दोन्ही पाय मी सरळ काढले. राजाच्या थडग्यासाठी दगड फोडताना विशीतच त्याचा डावा पाय चिरडला होता. माझा जिवलग दोस्त चाळीस वर्षं पाय ओढत चालला, आणि परवा गेला. भिंतीवरच्या त्या पायांवर मी चार दिवस घालवले, आणि खरं सांगतो, इतके देखणे पाय राजालाही मिळाले नसतील.

पाचव्या दिवशी त्याची बायको वेबखेत दिवा घेऊन खाली उतरली. दिवा भिंतीशी धरून तिनं चित्र डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"हा कोण, भावजी?"

"कोण म्हणजे? नेबरे. डोळे गेले की काय, वहिनी?"

"याला मी कधी पाहिलेलंच नाही. माझ्या घरात आला तो लंगडाच."

मला रागच आला. "मग लंगडा काढू? लाखो वर्षं खुरडत राहू दे बिचाऱ्याला?"

"तसं कुठं म्हणतेय मी." ती दगडावर बसली. "पाय धड होते तेव्हा हेनुतशी ठरलं होतं त्याचं. पाय गेला, तिच्या बापानं मोडलं, म्हणून मी आले. तिनं पुढं लग्नच केलं नाही. गेल्या वर्षी तीही गेली. आता हा तरणाबांड तिकडं पोचल्यावर कुणाकडं जाईल, तुम्हीच सांगा."

बापाच्या थडग्यात हेनुतलाही मीच काढली होती, म्हातारी होऊन गेली तरी सोळा वर्षांची, केसांत कमळ खोवलेली.

"तुम्हालाही शेजारी काढतोच आहे," मी म्हणालो. "रीतीप्रमाणे तुमचा हात त्याच्या खांद्यावर."

"नको. त्याचा हात माझ्या खांद्यावर काढा. देवळात, नदीवर, कुठंही तो तसाच चालायचा."

असं कुणी काढत नाही. मुकादमानं पाहिलं तर वस्तीभर माझी शोभा करेल. तरी मी नेबरेच्या हातातली मानाची काठी पुसली आणि तो हात तिच्या खांद्यावर ठेवला.

वेबखेत उठून भिंतीला खेटून उभी राहिली.

"दोन बोटं खाली घ्या. आणि नुसता ठेवू नका, भार टाकू दे."

"सरळ पायांचा माणूस भार कशाला टाकेल, वहिनी?"

"टाकू दे. त्याशिवाय मी त्याला ओळखू यायची नाही."

मी हात दोन बोटं खाली घेतला आणि नेबरेला थोडा तिच्याकडं कलता काढला. पाय सरळच ठेवले.