वळलेली रांग

आमच्या गावच्या निवडणुकीत चिठ्ठी नसते. उमेदवार मैदानात उभा राहतो आणि ज्याला तो हवा असेल त्याने त्याच्या पाठीमागे जाऊन उभं राहायचं, सगळ्यांदेखत. उमेदवाराचं तोंड मात्र पुढे, मोजायला आलेल्या साहेबाकडे. मागे वळून बघितलं की लोकांवर दबाव आणला म्हणतात.

या वयात मी असल्या भानगडीत पडेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. मला उभं केलं ते नाबुकालूने.

चेअरमन काबुकाने कामं केली, हे मी नाकारत नाही. शाळेकडचा रस्ता झाला, मोरी झाली, लस टोचणारी बाई दर महिन्याला येते. झऱ्याला सिमेंटची भिंत घालून नळी बसवली, तेव्हा ढोल वाजवून सगळं गाव श्रमदानाला बोलावलं होतं. दगड आम्ही बायकांनी डोक्यावरून वाहिले आणि भाषण काबुकाने केलं. तेही चाललं. पण मग कौन्सिलने झऱ्याच्या वरच्या अंगाला मोटारसायकली धुवायचा ओटा बांधला. पोरांना रोजगार, म्हणे. तिथला साबण आणि तेल जमिनीत मुरतं आणि खाली आमच्या डब्यांत उतरतं. माझी नात नामाटोवू पोट धरून रडायला लागली. दवाखान्यातली नर्स म्हणाली, हे पाणी बंद करा. बंद करून प्यायचं काय, ते काही तिने सांगितलं नाही.

मी कौन्सिलच्या बैठकीत उठून बोलले. काबुका हसून म्हणाला की विकास म्हटला की थोडं सोसावं लागतं. तो स्वतः पावसाचं पाणी साठवून पितो, त्याच्या घरावर पत्रा आहे आणि खाली मोठी टाकी.

नाबुकालू माझी शेजारीण. आम्ही दोघी एकाच वर्षी या टेकडीवर नवऱ्या म्हणून आलो. ती रोज संध्याकाळी माझ्याकडे केळी सोलायला बसायची आणि रोज तोच विषय काढायची.

"अगं नान्तेजा, तू बोललीस की त्या काबुकाची बोलती बंद होते. तू उभी राहा. ओटा हलवायचा तर चेअरमनच बदलायला हवा. टेकडीवरची एकूण एक बाई तुझ्या मागे येते की नाही बघ."

बाकीच्याही आल्या, पण परसदाराने. बोलायच्या हळू, आणि जाताना माझा हात दाबायच्या. मला वाटलं, बायकांना जरा संकोच वाटतोय. एवढी मी शहाणी.

निवडणुकीच्या सकाळी मी ठेवणीतली गोमेसी, आमचा सणासुदीचा पायघोळ झगा, घातली. तिचा कमरेचा पट्टा नाबुकालूने स्वतःच्या हाताने बांधला, दोनदा सोडून पुन्हा बांधला, मनासारखा बसेपर्यंत. "आता कशी चेअरमनबाई दिसतेस," म्हणाली.

मैदान चर्चच्या मागचं, लांबीला कमी, पलीकडे लगेच केळीची बाग. काबुका माझ्यापासून चार हातांवर. साहेबाने शिट्टी वाजवली आणि पाठीमागे पावलं सुरू झाली. मी समोर बघत उभी. आधी आवाज काबुकाच्या बाजूला होता. माझ्या मागे एकदोन पावलं आली आणि थांबली. पण थोड्या वेळाने माझ्याही मागे गलका वाढला. बायकांचं कुजबुजणं, कुणाचं तरी बाळ, कुणी कुणाला सरक म्हणत होतं. मग खोकला ऐकू आला, नाबुकालूचा जुना कोरडा खोकला. तो मी हजार माणसांत ओळखीन. माझे डोळे भरून आले. मनात म्हटलं, रविवारीच ढोल वाजवायचा, ओटा उखडायचा आणि खाली दलदलीच्या पलीकडे नेऊन बांधायचा.

साहेब मोजून आला आणि म्हणाला, वळा.

माझ्या रांगेत माझा म्हातारा दीर होता आणि पलीकडच्या उतारावरच्या दोन बायका, ज्यांची नावंही मला धड माहीत नव्हती. त्यांच्या मागे मोकळं गवत. आणि गवतापलीकडे माणसंच माणसं. काबुकाची रांग केळीच्या बागेपर्यंत पोचली होती, पुढे जागा नव्हती, म्हणून ती वळून माझ्या पाठीमागे आली होती. वळणावरच नाबुकालू उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. काबुकाने हात वर केला तेव्हा तिने इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या.

मागाहून कळलं की तिच्या मुलाला ओट्यावर मुकादम नेमायचं आठवड्यापूर्वीच ठरलं होतं. बाकीच्यांचं मी समजू शकते. जमिनीचा व्यवहार असो की पोराला चौकीतून सोडवणं, चेअरमनचा शिक्का लागतोच, आणि उघड्या मैदानात त्याच्याकडे पाठ फिरवायला छाती लागते. भीती मला कळते. पण तो पट्टा बांधताना हिचा हात जरासुद्धा कापला नाही, ते मला अजून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर सगळ्या होत्या. गुडघे टेकून रीतसर विचारपूस झाली, रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत. जणू काल काही घडलंच नव्हतं. नळीखाली डबा भरत होता आणि पाण्यावर तेलाचा तवंग फिरत होता. नाबुकालूने तो बोटाने बाजूला सारला आणि माझ्याजवळ सरकली.

"माझ्या नातवाचंही काल रात्रभर पोट दुखत होतं गं. तू जाऊन बोल ना काबुकाशी. आम्हाला नाही बोलता येत. तुझं काय, तुला आता काय गमवायचंय?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. खरोखर डोलावल्या. त्यांना यात काही वावगं वाटतच नव्हतं.

मला तिच्या तोंडावर पुष्कळ काही बोलायचं होतं. रात्रभर अंथरुणात तेच जुळवलं होतं. पण तिचा चेहरा जागरणाने उतरला होता, आणि ते पोर मी माझ्या हातांनी न्हाऊमाखू घातलेलं.

"मुलाला सांग," मी म्हणाले. "मुकादम तो आहे."

ती रडायला लागली. मी डबा डोक्यावर घेतला आणि चढण चढून घरी आले. पाणी कापडातून दोनदा गाळलं, उकळलं, निवत ठेवलं. नामाटोवूने पेला तोंडाला लावला, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पी बाळा, आणि तिने डोळे मिटून ते पिऊन टाकलं.