निरोग्याच्या बाटलीतला खडा

“विरघळलं म्हणजे गेलं नव्हे गं. दिसेनासं झालं, एवढंच.”

साखरेचा खडा पाण्यात नाहीसा झाला म्हणून रडणाऱ्या धाकटीला आई एकदा असं म्हणाली होती. आई जाऊन युगं लोटली. धाकटी आता शाळेत रसायनशास्त्र शिकवून शिकवून दमलेली, गावभराची ‘बाई’ झाली होती. पण त्या सकाळी, बंद पडलेल्या चित्रपटगृहात गर्दीचे धक्के खात उभी असताना तिला नेमका तोच आवाज आठवला.

पडद्यापुढच्या मंचावर खडेबाबा उभे होते.

“सोनोग्राफी बघते वरवर, बाबा बघतो आरपार! डॉक्टर काढतो चिरून, बाबा काढतो दुरून!”

टाळ्यांनी छप्पर हाललं. बाबांची रीत साधी होती. मुतखड्याच्या रोग्यानं आपल्या लघवीची बाटली आणून द्यायची. बाबा तीत मंतरलेलं पाणी ओतायचे, वर काळं फडकं बांधायचे. दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं की काचेला तिखटाच्या भुकटीसारखे तांबूस कण चिकटलेले.

“हा बघा माईंचा खडा! कण कण करून ओढून आणला!”

माई म्हणजे बाईंची थोरली बहीण, त्यांची ताई. ताई मंचावर पहिल्याच रांगेत बसली होती. तिनंच आधी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “बाबांनी हात लावला आणि माझं दुखणं गेलं.” तेव्हापासून गर्दी दुप्पट झाली होती. बाबा तिला हाताला धरून मिरवत. ताईचा चेहरा मात्र विझत आलेल्या चुलीसारखा दिसत होता.

डॉक्टरांनी बजावलं होतं, “मूत्रपिंड सुजलंय. खडा वाटेत अडकलाय. याच आठवड्यात काढला नाही तर मूत्रपिंड हातचं जाईल. दुखायचं थांबलं तरी फसू नका.” ताईचं एकच पालुपद, “मला बरं आहे. शस्त्रक्रिया नको.”

बाईंना खरं तर कंटाळा आला होता. रिकाम्या मुठीतून राख, निखाऱ्यावरून चालणं, अंगात येणं. किती जणांचं पितळ उघडं पाडायचं? एक उघडा पडला की दुसरा त्याच जागी दुकान मांडतो. पण ही आपली ताई होती. लहानपणी खाऊतला मोठा वाटा देणारी.

बाबांनी पाणी ओतताना दोन थेंब संगमरवरी टेबलावर सांडले. तिथं बारीक फेस आला. टेबलावर तसे निस्तेज डाग जागोजाग होते, जणू देवी आल्या होत्या. बाईंनी ते पाहिलं आणि मनात म्हणाल्या, हात्तिच्या!

घरी जाऊन त्यांनी भावोजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, रिकामी बाटली दिली.

“हे काय? मला कुठं मुतखडा आहे?”

“नाही ना? म्हणूनच द्या.”

“या वयात मेहुणी काय काय मागेल सांगता येत नाही,” असं पुटपुटत भावोजी आत गेले. बाईंनी एक बाटली स्वतःची ठेवली. दोन्हींत शाळेतलं सौम्य आम्ल टाकलं.

दुसऱ्या सकाळी भावोजींच्या बाटलीत ताईच्या बाटलीपेक्षा दुप्पट कण होते. भावोजींनी बाटली उजेडात धरून पाहिली.

“मेलो की काय मी?”

“तुम्ही ठणठणीत आहात, भावोजी. फक्त जेवता जरा जास्त.”

त्या दोन बाटल्या घेऊन बाई मंचावर चढल्या. चेल्यांनी अडवलं, पण भावोजींचं पोट त्यांच्यापेक्षा रुंद होतं.

“या माझ्या बहिणीच्या यजमानांना खडा नाही. मलाही नाही. तपासून घेतलंय. मग हे कुठून आलं?” बाईंनी बाटल्या उंच धरल्या. “आपल्या प्रत्येकाच्या लघवीत यूरिक आम्ल असतं. शरीराचा नेहमीचा केरकचरा. एरवी ते बरंचसं सोडियमच्या जोडीनं विरघळून राहतं. सोडियमसकट गोठलं तर त्याच्या सुया होतात. सांध्यात साचल्या की माणूस ओरडतो. पण आंबट पाणी ओतलं की ती जोडी तुटते. एकट्या आम्लाला पाणी धरून ठेवत नाही. मग त्याचे असे स्फटिक बनतात, सूक्ष्मदर्शकाखाली पत्त्यांतल्या चौकटीसारखे. लघवीतला रंग लागून तांबूस दिसतात. पदार्थ तोच, आंबटपणा बदलला की घडण बदलते. बाबांच्या पाण्यात मंत्र नाही, आम्ल आहे. या टेबलाला विचारा, बिचारं रोज भाजतंय.”

बाबा हसले. “बाई, पुस्तकाच्या बाहेर या!”

“येते की. ताईचा खडा क्ष-किरणांच्या साध्या फोटोत पांढरा दिसतो. नुसत्या यूरिक आम्लाचा खडा त्या फोटोत दिसतच नाही. म्हणजे तुमचे कण तिच्या खड्याचे नाहीत. आणि बाबा, तुमचीच बाटली भरून द्या ना! उद्या तुमचाही खडा काढू.”

हशा पिकला. बाबा घोटभर पाणी प्यायले, साधं.

“लोकहो,” बाई थकल्या आवाजात म्हणाल्या, “श्रद्धा सोडा असं मी म्हणत नाही. चमत्कार दिसला की एकच विचारा: ज्याला रोग नाही त्याच्या बाटलीत काय पडतं? एवढं विचारायला पदवी लागत नाही.”

मागून एकजण उठला. “शास्त्र राहू द्या, बाई! तुमच्या सख्ख्या बहिणीला गुण आला की नाही? तिला विचारा!”

“विचारा, विचारा!” सगळं सभागृह उसळलं. बाबांना हायसं वाटलं. त्यांनी ध्वनिक्षेपक ताईपुढे धरला. “बोला माई. घाबरू नका. सांगा सगळ्यांना.”

ताईनं मान खाली घातली. बाईंना वाटलं, आपण हरलो. बाटल्या, स्फटिक, सगळं फुकट. त्या ताईच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. हात तापानं चटचट भाजत होता.

“ताई, तुझ्या मनात असेल तेच बोल. मी रागावणार नाही.”

ताईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग समोरच्या आशाळभूत चेहऱ्यांकडे.

“त्या दिवशी बाबांनी ‘बरं वाटलं ना?’ असं विचारलं, तेव्हा सगळे इतक्या आशेनं बघत होते,” ती म्हणाली, “माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही. मग रोज तेच म्हणावं लागलं. ज्याला दुखतं त्याची श्रद्धा कमी, असं बाबा म्हणायचे. म्हणून रात्री उशी तोंडात धरून पडायचे, ह्यांनासुद्धा कळू दिलं नाही.” तिनं ध्वनिक्षेपक बाजूला सारला, तरी आता सगळ्यांना ऐकू येत होतं. “दुखणं एक दिवसही थांबलं नाही गं. आत्ताही दुखतंय. मला दवाखान्यात ने.”