शेंदराचे अकरा थर

इंजिनवर चालणाऱ्या करवतीची चेन आणि पट्टी मोनालीनं आधीच उतरवून ठेवली होती. कापेल असं मशीनवर काहीच उरलं नव्हतं, तरी इंजिन सुरू करायची दोरी धरण्याआधी तिनं दोनदा खात्री केली.

मुकुंदवाडीतल्या त्यांच्या घरालगतच्या शेडमध्ये ही मशीन सोळा वर्षं पोत्यात बांधून पडली होती. २००९च्या उन्हाळ्यात पिशोरला कडुलिंब तोडताना हिनं राजकुमारची, तिच्या बापाची, डाव्या हाताची तीन बोटं नेली. बंद करायचं बटण दाबलं पण मशीन बंदच झाली नाही, एवढंच तो तेव्हापासून सांगत आला. गावानं ठरवून टाकलं की गडी पिऊन होता. आई, सत्यभामा, तीही तेच धरून बसली. आता मोनालीला भीती होती ती एवढीच, की बटण चाललं तर बाप खोटा पडेल.

महिनाभर खपून तिनं कार्बोरेटर साफ केला, कडक झालेला रबरी पडदा बदलला. नंबराची पाटी झिजून गुळगुळीत झाली होती. वयाचा पत्ता लागला तो आतल्या कंडेन्सरवर; त्यावर ७९चा शिक्का होता. कंडेन्सर बदललेलाही असू शकतो, म्हणून तिनं झाकणाची आतली बाजू पाहिली. तिथंही ७९च. बापानं १९९८ साली मोंढ्याजवळच्या वखारीतून ती जुनीच विकत घेतली होती.

बटण मात्र तिनं उघडलं नाही. जसं आहे तसंच आधी तपासायचं होतं.

चौथ्या ओढीला इंजिन पेटलं. पत्रे थरथरले. दारात उभ्या राजकुमारनं डावा हात पाठीमागं नेला. मोनालीनं बटण दाबलं.

मशीन चालूच.

तिनं पुन्हा दाबलं, अंगठा पांढरा पडेपर्यंत. आवाज तसूभरही उतरला नाही. बाप मागं सरकत भिंतीला टेकला होता. शेवटी तिनं चोक ओढला, तेव्हा कुठं इंजिन घुसमटून थांबलं.

"म्या खोटं बोललो नव्हतो, पोरी," तो म्हणाला.

बटण उघडल्यावर तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये लाल खपली निघाली. बटण दाबल्यावर त्या पट्ट्या एकमेकींना टेकल्या की ठिणगी मरते आणि इंजिन थांबतं. खपली त्यांना टेकूच देत नव्हती. तो शेंदूर होता. सत्यभामेच्या माहेरी, पाचोडला, खंडेनवमीला हत्याराला तेलात कालवलेला शेंदूर लावतात. ती दरवर्षी बोट टेकवायची ते बरोबर या बटणावर.

अपघातानंतर लावला असेल, मोनालीनं मनाची समजूत घातली, आणि भिंग घेऊन थर मोजले. प्रत्येक थरावर वर्षभराचा लाकडाचा भुसा चिकटलेला होता. अकरा थर. अठ्ठ्याण्णव ते दोन हजार आठ, अकरा नवम्या. सगळ्यात वरच्या थरावरही भुसा होता, म्हणजे तो लावल्यावरही मशीननं लाकूड कापलं होतं.

राजकुमारनं खपली पाहिली. मग स्वयंपाकघराकडं पाहिलं.

"वायर सुटली व्हती म्हणायचं," तो हळूच म्हणाला. "तिला कळलं तर ती जगायची नाय."

"आन् तुम्ही? लोक पिऊन होता म्हणतेत."

"सोळा वर्षं म्हणतेत. म्हणू दे."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मशीन दुरुस्त झाली, वायर सुटली होती, हे आदल्या रात्री ऐकून, इतकी वर्षं त्याला खोटं ठरवलं या लाजेनं सत्यभामा नवऱ्यासमोर नीट बसूही शकली नव्हती. सकाळी तीच ताट घेऊन शेडमध्ये आली. शेंदरात बुडवलेलं बोट सवयीनं बटणाकडं निघालं.

मोनालीनं तिचं मनगट धरलं. "आई, तिथं नको. मुठीवर लाव."

"का गं? मी तर कायम इथंच लावते."

राजकुमारनं मान खाली घातली होती. सत्यभामेनं आपल्या लाल बोटाकडं पाहिलं, मग बटणाकडं, मग नवऱ्याच्या हाताकडं. तिच्या मनगटातली नाडी मोनालीच्या बोटांखाली जोरजोरात उडू लागली.